कोबीचं निशाण

जर्मनीतल्या क्राउटेन या चिमुकल्या गावाने आपल्या निशाणावर कोबीचा गड्डा रंगवला. त्यावर सरदाराची मोहोर घ्यायला गावप्रमुख वाल्बुर्गा गढीवर गेली.

सरदाराने नाक मुरडलं. "बाई, माझ्या निशाणावर सिंह आहे. ही भाजी पाहून शत्रू हसेल. मोहोर मिळणार नाही."

वाल्बुर्गाची मान ताठच होती. "सरकार, गढीला वेढा पडला तेव्हा शत्रूने तुमचा सिंह चार महिने पाहिला, तरी तो हटला नाही. धान्य संपल्यावर आम्ही आणून ठेवलेली आंबवलेल्या कोबीची पिंपं उघडली. त्यावर तुम्हीही तगलात आणि कंटाळून शत्रूच निघून गेला. त्याला कुणी घालवलं, तुम्हीच सांगा."

सरदाराने मोहोर उमटवली. मग निशाण परत देताना म्हणाला, "गड्डा जरा मोठा काढायचा होता."