राघूने फोडलेला पेरू

राजा भद्रसेनाने फर्मान काढलं आणि ऐन आश्विनात राज्यातल्या सगळ्या बागवानांच्या तोंडचं पाणी पळालं!

"राज्यातला सगळ्यात गोड पेरू आम्हाला हवा. त्याला आधी कुणी जीभ लावलेली चालणार नाही. आणि तो मिळेपर्यंत कुणी पेरू तोंडात घातला, तर त्याची बाग जप्त!"

आता न चाखता गोडी कळायची कशी? मोठमोठे बागाईतदार टोपल्या घेऊन आले. फळं कशी, तर हिरवी, टणक, पुसून लख्ख केलेली. राजा एक घास घेई, तोंड वाकडं करी आणि ओरडे, "हा पेरू आहे की काकडी? पुढचा!"

तिकडे बागांमध्ये पेरू पिकून टपाटप गळत होते आणि पोरं झाडाखाली बसून नुसता वास घेत होती.

रखमाजी माळ्याची लेक बायजा हिला मात्र वेगळाच घोर लागला होता. तिची वहिनी पोटुशी होती आणि तिला नेमके पेरूचेच डोहाळे लागले होते. समोर भरलेली बाग, आणि बिचारीने आवंढे गिळायचे!

"वन्सं, एक फोड. एवढीशी!" वहिनी रडकुंडीला आली, तशी बायजाने पदर खोचला.

"राजाच्या आधी खायचं न्हाई ना? मग आधी त्यालाच खाऊ घालते!"

ती बागेत गेली, मान वर करून झाडांकडे पाहत राहिली, खुदकन हसली आणि एक पेरू तोडून, फडक्यात बांधून थेट राजवाड्यावर गेली.

दरबारात तिने फडकं सोडलं आणि प्रधानजी किंचाळलेच. पेरू वेडावाकडा, पिवळाधमक आणि एका अंगाला हा एवढा खड्डा!

"अगं, हा तर उष्टा!"

"व्हय की. राघूनं खाल्लाय."

राजाच्या मिशा थरथरल्या. "पाखराचं उष्टं आमच्या ताटात? तुझ्या बापाची बाग गेलीच म्हणून समज!"

बायजाचं तोंड काही थांबलं नाही. "बाग कुठं पळून जातीय, महाराज? आधी एक सांगा. सकाळी काय घेतलंत?"

"धारोष्ण दूध. रोज घेतो."

"धार काढताना गाईजवळ आधी कुणाला सोडत्यात?"

"वासराला! त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, एवढंही तुला..." आणि राजा मधेच थांबला.

"म्हंजे वासराचं उष्टं रोज चालतं, मग राघूनं काय घोडं मारलंय?" बायजा म्हणाली. "सगळी बाग त्याला मोकळी होती. लख्ख हिरव्या पेरूंकडं त्यानं ढुंकून बघितलं न्हाई, नेमका ह्योच फोडला. त्याला ना तुमचं भ्या, ना बक्षिसाची आशा. त्यो कशाला खोटं बोलंल?"

राजाने पेरू उचलला, राघूची बाजू सोडून जपून एक घास घेतला. मग दुसरा. मग डोळे मिटून तिसरा. बघता बघता राघूची बाजूसुद्धा फस्त झाली! आणि राजा असा खदाखदा हसला की मुकुट कपाळावर घसरला.

"प्रधानजी, फर्मान मागे घेतल्याची दवंडी पिटा! आणि तू माग काय हवं ते!"

"एक सोन्याचं कडं द्या, वहिनीच्या बाळाला व्हईल. आन् हितनं पुढं पहिल्या पेरूचा मान गर्भारशींना आन् पोराटोरांना."

"आणि आम्ही? आम्हाला असा गोड पेरू कोण आणून देणार?"

"आणून कशाला? पिकला पेरू दरबारापतूर टिकत न्हाई, महाराज. झाडाखाली या, राघू दावतील त्यो तोडा आन् उभ्या उभ्या खावा!"

"प्रधानजी," राजा सिंहासनावरून उठत म्हणाला, "आमचे जोडे आणा!"

राजा बागेत पोचला, तेव्हा दवंडी कधीच पुढे गेली होती. वहिनी झाडाखाली ऐसपैस बसून पेरू खात होती. तोंड भरलेलं असल्यामुळे तिला मुजरा काही करता आला नाही. ती जराशी सरकली आणि तिने राजाला बसायला जागा करून दिली.