सुख : शून्य निकाल

“आणि सुख? सुख आहे का तुझ्याकडे?”

सुखदाला वाटलं, वयानुसार सरांना आता अध्यात्म सुचायला लागलं.

“सर, मी ग्रंथालयाचं बोलतेय.”

“मीही तेच बोलतोय. शोधून दाखव.”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर संगणक होता, त्यावर शोधाची रिकामी चौकट होती, आणि धारूरकर सर त्या चौकटीकडे बोट दाखवत होते.

सरांनी उभा जन्म संशोधन मंडळाच्या या ग्रंथालयात घालवलेला. सुखदा त्यांचीच विद्यार्थिनी, आणि आता त्यांच्याच खुर्चीतली ग्रंथपाल. मंडळाच्या त्रैमासिकाचे सगळे जुने अंक तिने स्कॅन केले होते. यंत्राने पानांवरची अक्षरं ओळखून मजकूर तयार केला होता. शब्द टाका, पान हजर! ती मिरवत होती, आणि खरं सांगायचं तर मिरवण्यासारखंच काम होतं ते.

पण एक पेच होता. परदेशातल्या एका बड्या प्रकाशन कंपनीला हे अंक हवे होते. कंपनी ते आपल्या कुलपात ठेवणार, आणि वर्गणी भरेल त्यालाच उघडून दाखवणार. सुखदाचं म्हणणं, अंक सगळ्यांना फुकट वाचू द्यावेत, सांभाळायचं काम आपण करू. कार्यकारिणीने हात झटकले. धारूरकर सर म्हणतील तसं, वार्षिक सभेत ठरवू.

सुखदाने ‘सुख’ टाइप केलं.

शून्य निकाल.

“दुःख बघ.”

शून्य.

“मूर्ख?”

शून्य.

सर खुदकन हसले. “सुख नाही, दुःख नाही, मूर्ख तर औषधालाही नाही… आमच्या त्रैमासिकाला मोक्षच मिळाला की गं!”

सुखदाचे कान लाल झाले. तिने एक पान उघडून मजकूर डोळ्यांजवळ घेतला. त्रैमासिक वर्षानुवर्षं छापखान्यातल्या जुन्या, शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांवर छापलेलं, आणि त्या खिळ्यांतला ख म्हणजे शेजारी शेजारी उभे र आणि व. माणूस वाचताना तिथे अडत नाही. यंत्राने मात्र दिसलं तसं इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. सुरव. दुःरव. लेरवक.

“एवढंच ना सर! उद्या या.”

दुसऱ्या दिवशी सर आले. सुखदाने यंत्राला हुकूम सोडला होता, रव दिसला की ख करून टाक. आता सुख ढिगाने सापडत होतं.

“छान,” सर म्हणाले. “कौरव बघ.”

शून्य.

“गौरव?”

शून्य.

कौरवांचे कौख झाले होते, गौरवाचा गौख, आणि रविवारचा खिवार.

“युद्धाआधीच कौरव संपवलेस,” सर म्हणाले. “पांडवांना कळव.”

सुखदाने सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि मान खाली घालून बसली.

“यंत्राला नाही कळत सर, कुठे ख आणि कुठे रव. ते वाचल्याशिवाय कळणारच नाही.”

“मग वाच.”

“इतके अंक? मी एकटी? जन्म जाईल माझा!”

सर उठले.

काठी टेकत ते दारापर्यंत गेले. दारावर त्यांनीच कधीकाळी लावलेली पाटी होती, ‘प्रवेश फक्त सभासदांसाठी’. ती त्यांनी खिळ्यावरून काढली, बाहीने पुसली आणि सुखदाच्या हातात दिली.

“हिचं काय करू सर?”

सर घरी निघून गेले होते.

पाटी मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. मग स्वतःशीच हसली आणि कामाला लागली. सभेपर्यंत तरी खुले ठेवू, असं म्हणून तिने सगळे अंक इंटरनेटवर टाकले. एका बाजूला छापील पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला यंत्राचा मजकूर. वाचा, आणि चूक दिसली की दुरुस्त करा. कुणीही.

आधी कुणीच फिरकलं नाही. मग परभणीचे एक निवृत्त मास्तर आले. मग वसतिगृहातली मुलं. मस्कतच्या इस्पितळातली एक मराठी नर्स ड्यूटी संपली की बसू लागली. माणसं नुसता ख शोधेनात, लेख वाचू लागली, भांडू लागली, मूळ अंक डोळ्यांनी बघायला गाडी पकडून येऊ लागली. ज्या वाचनालयात एकट्या पंख्याचा आवाज यायचा, तिथे शेजारच्या शाळेतून खुर्च्या मागवाव्या लागल्या. सुखदाचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सभेचा दिवस उजाडला. टेबलावर कंपनीचा करार ठेवला होता, फक्त सही व्हायची बाकी होती.

“सर, सगळं झालं,” सुखदा सगळ्यांदेखत म्हणाली. “एकही पान राहिलं नाही.”

सरांनी संगणक पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं, ‘सुखदा’.

शून्य निकाल.

विद्यार्थिदशेत तिने एकच लेख लिहिला होता, तो सरांनीच छापला होता. त्या पानावर तिने न वाचताच ‘तपासलं’ अशी खूण केली होती. स्वतःचंच लिखाण, त्यात काय वाचायचं! तिने ते पान पडद्यावर उघडलं. लेखावर नाव होतं, सुरवदा.

आता सर नाही म्हणणार. तिने घाईघाईने कीबोर्डकडे हात नेला.

सरांनी कीबोर्डवर पंजा ठेवला.

“सर, एका अक्षराचं तर काम आहे…”

“चहा सांग.”

“अहो सर, सभा…”

“चहा.”

चहा आला. अध्यक्ष खाकरले. सर बशीत फुंकर मारत बसले…



आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा रव गेला आणि तिथे ख आला. कुठल्या गावातून कुणी केला, देव जाणे. खाली एक ओळ उमटली, ‘नाव चुकलं होतं, नीट केलं. लेख आवडला. या बाईंनी पुढे काय लिहिलं?’

सुखदाला रडू फुटलं. इतका आनंद तिला तिच्या नेमणुकीच्या दिवशीही झाला नव्हता.

सरांनी ओला कप कंपनीच्या करारावर ठेवला.

“खुले ठेवा,” ते अध्यक्षांना म्हणाले. “सगळ्यांना.”

खुर्च्या मागे सरकल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, दारात उभी असलेली वाचक मंडळी आत घुसली. त्या गर्दीत सर सुखदाकडे वळले.

“ये, सुखदा. आता आलीस तू ग्रंथालयात.”