एका भोकात दहा छर्रे

सन एकोणीसशे चौतीस. पितृपंधरवडा चालू होता, दसऱ्याला पंधरा दिवस उरले होते आणि कुंभेरी संस्थानच्या आनंदरावमहाराजांना लिंबू लागत नव्हते.

लिंबू म्हणजे दोऱ्याला टांगलेले लिंबू, वीस पावलांवर. बंदूक हवेची, विलायती. दारू नाही, धूर नाही. नळी बिजागरीवर मोडायची, छर्रा घालायचा, नळी मिटायची, चाप ओढायचा. दसऱ्याला शेजारचे राजे येणार होते. त्यांच्यासमोर दहा लिंबे फोडीन, असे महाराज बोलून बसले होते. सोमवारी चार फुटली. मंगळवारी एकही नाही. बुधवारी एक फुटले, पण नेम दुसऱ्यावर होता.

कारभारी विसाजीपंत रोज नवे कारण काढीत. "वारा होता, सरकार." "ऊन डोळ्यांवर होतं, सरकार." कारणे संपली तेव्हा ते म्हणाले, "बंदूकच वाकडी आहे, सरकार. शिलेखान्यात कोणीतरी पाडली असणार!"

शिलेखाना, म्हणजे हत्यारांची खोली, सखोजी भोईटे बत्तीस वर्षे सांभाळत होता. त्याला समोर उभे केले.

"बंदूक वाकवलीस?"

"न्हाय, सरकार. सरळ हाय."

"सरळ आहे तर दाखव! याच बंदुकीनं, याच जागेवरून, दहा छर्रे एका भोकात घाल. घातलेस तर मागशील ते देणं लागतो. नाहीतर अमावस्येच्या आत संस्थानाची हद्द सोड!"

स्वतःला दहा लिंबांवर जमत नव्हते, ते महाराजांनी एका भोकात मागितले. कोणी हसले नाही. सखोजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लिंबू सोडा, त्याला झाडही धड दिसत नव्हते.

त्याची लेक गोजरा कोठीवर धान्य निवडायला होती. पदराला हात पुसत ती पुढे आली.

"बाबांच्या जागी म्या मारते."

"बाईमाणसानं बंदूक धरायची?" विसाजीपंत ओरडले.

"दारू न्हाय, धूर न्हाय. चुलीपरास गरीब हाय ती, पंत."

महाराजांना गंमत वाटली. "काय पाहिजे तुला?"

"एक परात, बाजरीचं पोतं आन् छर्‍र्यांचा डबा. दुपार टळंस्तवर वेळ."

"परात कशाला? जेवायला बसतेस काय?"

"निवडायला, सरकार."

हे छर्रे शिशाचे. कमरेत बारीक, डमरूसारखे. मागचा घेर पातळ, डब्यात हिंदकळला की चेपतो. गोजराने परात तिरकी धरली आणि एकेक छर्रा घरंगळत सोडला. चांगला छर्रा ठरल्या वाटेने जाई. चेपलेला भलतीकडे वळे. दोनशेतले साठ तिने ठेवले.

"अगं, विलायती छर्रे फेकतेस?" विसाजीपंत कळवळले.

"विलायतेत बी खडं असत्यात, पंत."

मग तिने पोते थोपटून त्यात खाच पाडली. खाचेत तळवा ठेवला, तळव्यावर बंदूक. मूठ आवळली नाही. बंदूक पारखायला पहिले पाच बार मातीच्या ढिगात घालवले. समोरच्या फळीला पोस्टकार्ड टाचले होते. ऊन कलले, वारा पडला.

तिने छर्रा घातला, श्वास सोडला, चाप दाबला. ठप्प! आणि ती जागची हललीच नाही.

"झाला ना बार? ऊठ की!" महाराज म्हणाले.

"छर्रा पोचू दे, सरकार. अजून वाटंत हाय."

दुसरा बार तसाच. तिसराही. दहाही वेळा तोच हात, तोच श्वास, तेच थांबणे.

कार्ड आणले. मधोमध चिंचोक्याएवढे एक भोक.

"एकच लागला!" विसाजीपंत म्हणाले. "बाकीचे नऊ कुठे गेले?"

"फळी फोडून मोजा."

फळी फोडली. आत दहा छर्रे एकमेकांत घुसून बसले होते. विसाजीपंतांनी ते दोनदा मोजले.

महाराजांचा चेहरा उतरला. त्यांनी बंदूक घेतली. तेच पोते, तेच निवडलेले छर्रे; फळी नवी, कार्ड नवे. पण बंदूक त्यांनी अशी आवळली, जणू ती पळून जाणार होती. चाप ओढताना डोळे मिटले. बार झाला की लगेच मान वर करून पाहिले. पाच छर्रे कार्डावर पांगले, चार फळीवर. एक कुठे गेला ते कळले नाही.

"बंदूक तीच! छर्रे तेच! मग बिघडलं कुठं?" महाराज गरजले. "सांग, पोरी! खोटं बोललीस तर बापासकट हद्दपार. आणि माझं नाव घेतलंस तर फटके!"

"वारा..." विसाजीपंतांनी तोंड उघडले. झाडाचे पान हलत नव्हते. त्यांनी तोंड मिटले.

गोजराने हात जोडले. "सरकार, म्या निवडणारी बाई. छर्रं निवडलं. बंदूक पारखली, सरळ निघाली. पोतं बरं हाय, वारा पडलाय. समदं निवडून झालं. आता परातीत एकच खडा ऱ्हायलाय. पर त्यो सोन्याचा हाय! सोन्याचा खडा मालकानं आपल्या हातानं उचलायचा असतोय. चाकरानं त्याला हात लावायचा न्हाय!"

महाराज परातीकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या आवळलेल्या मुठीकडे पाहिले. आणि असे हसले, असे हसले, की आंब्यावरचे पोपट उडाले.

"पंत, ऐकलंत? सोन्याचा तरी म्हणाली! माग, पोरी, काय हवं ते माग!"

"बाबांची नोकरी."

"ती गेली होती कुठं? दुसरं काही माग."

"गेली नव्हती, एवढंच लेखी द्या, सरकार."

महाराज पुन्हा हसले. विसाजीपंतांनी उभ्या उभ्या कागद लिहिला, शिक्का उमटला. वर एक दुभती म्हैस मिळाली. महाराजांचे देणे फिटले.