पाय बघायची वेळ

“पण तुम्ही येणार की नाही, बाबा? तेवढंच सांगा.”

शिलास साळवे प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या कडेवर बसला होता. अंगात पाळकाचा झगा नव्हता, तरी पाठ झगा घातल्यासारखी ताठ होती. मधूनमधून तो घड्याळात बघत होता.

आमोसबाबा बादलीची कडी मनगटात अडकवून ती ओट्याशी ओढत होते. हातांना धड अशी बोटं फारशी उरली नव्हती. मदतीला उठावं असं शिलासला वाटलं, पण तो उठला नाही.

“कुठं यायचं?” बाबांनी विचारलं.

“माझ्या घरी. दीनाला समजवायला. उद्या सकाळी तिचा भाऊ येतोय तिला माहेरी न्यायला. एकदा गेली की ती परत यायची नाही, बाबा. तसं सांगितलंय तिनं.”

“का जाते?”

“विश्वास ढळलाय तिचा.”

बाबांनी बादली सोडली. थोडं पाणी ओट्यावर सांडलं.

“आणि तुझा?”

“माझा नाही ढळला,” शिलास लगेच म्हणाला.

बाबांनी बादली पुन्हा ओढायला घेतली.

गावाबाहेरच्या या कुष्ठधामात राहणाऱ्यांचा रोग केव्हाच बरा झाला होता. हातापायांचा बधिरपणा तेवढा मागे राहिला होता, आणि घरी न्यायला कुणी आलं नव्हतं. आमोसबाबा एके काळी शिलासच्या गावात सुवार्तिक होते, घरोघर फिरून प्रभूची शिकवण सांगायचे. गावातल्या चर्चला सगळे देऊळच म्हणत; तिथल्या सतरंजीवर बसवून त्यांनीच शिलासला प्रार्थना करायला शिकवलं. पुढे त्यांच्या हातावर चट्टा उठला आणि ते इथे आले.

शिलास शिकला, पाळक झाला, शहरातल्या मोठ्या चर्चची मंडळी, म्हणजे तिथला सगळा भाविकांचा समुदाय, त्याच्याकडे सोपवली गेली. दर नाताळला तो बाबांना केक घेऊन यायचा. याच खुर्चीत बसायचा, लांबूनच हात वर करून प्रार्थना म्हणायचा आणि निघायचा. इतक्या वर्षांत त्यानं बाबांचा हात एकदाही हातात घेतला नव्हता. बाबांनी कधी ते बोलून दाखवलं नाही.

आज नाताळ नव्हता आणि केकही नव्हता.

“अनुग्रहला मी स्वतः माती दिली,” शिलास म्हणाला. “दुसरे पाळक आले होते. ते म्हणाले, तू बाप आहेस, बाजूला बस. मी ऐकलं नाही. सगळी उपासना मीच चालवली. गीत म्हटलं, प्रार्थना केली. आवाज हलला नाही माझा.”

“केवढा होता रे?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“तू सांग.”

“...सात वर्षांचा.”

बाबांनी मान हलवली.

“लोक काय म्हणाले?”

“म्हणाले, काय विश्वास आहे पाळकसाहेबांचा. मोठमोठी माणसं रडत होती, बाबा. मला देवानं बळ दिलं. डोळ्यांत एक थेंब आला नाही. अजून आलेला नाही.”

हे सांगताना त्याची मान किंचित वर गेली. पोराच्या मरणाची गोष्ट सांगतानाही माणसाची मान वर जाऊ शकते, हे बघून वाईट वाटतं. पण ती गेली खरी.

“आणि दीना?”

“तिनं शवपेटी धरून ठेवली होती. सोडेना. शेवटी मीच एकेक करून तिची बोटं सोडवली. म्हटलं, ऊठ, मंडळी बघतेय. आपणच रडलो तर त्यांनी कुणाकडे बघायचं?”

ओट्याखाली एक करडं मांजर अंग चाटत पडलं होतं.

“तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. स्वयंपाक करते, ताट वाढते. अनुग्रहचा शाळेचा डबा रोज घासते. रिकामा डबा... रोज. मी सांगितलं, हे बरं नाही, हे अविश्वासाचं लक्षण आहे. तेव्हा काल तोंड उघडलं तिनं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तुम्हाला काही लागतच नाही. तुमच्याजवळ राहायची मला भीती वाटते.”

“असं म्हणाली?”

“बघा ना. म्हणून म्हणतो, तुम्ही चला. तुमचं ती ऐकेल. तिला सांगा, देवाकडे बळ माग. मला दिलं तसं तुलाही देईल.”

बाबा ओट्याच्या कडेला टेकले. दोन्ही पंजे त्यांनी समोर धरले आणि नवीनच दिसल्यासारखे बघत राहिले.

“मलाही दिलं होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“बळ. तू लहान होतास तेव्हा. देवळात प्रीतिभोजन होतं. वरणाचं पातेलं चुलीवर उतू चाललं होतं आणि फडकं कुणाला सापडेना. मी गेलो आणि नुसत्या हातांनी पातेलं उतरवलं. चटका बसला नाही.”

शिलासला ते आठवत होतं. गावात ती गोष्ट कितीतरी वर्षं सांगत होते. त्याच दिवशी त्यानं ठरवलं होतं, मोठेपणी आमोसबाबांसारखं व्हायचं.

“लोक काय म्हणाले, आठवतं?”

शिलास पुन्हा घड्याळात बघू लागला.

“म्हणाले, काय विश्वास आहे आमोसचा. देवानं हाताला कवच घातलंय. आणि मला ते पटलं, शिलास. लई आनंद झाला. रोज रात्री आभार मानायचो मी त्या हातांचे.” बाबा हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. “त्यानंतर कशालाच भ्यायलो नाही. तवा उचलायचो, निखारे उचलायचो, लोकांना दाखवायचो. मग एक दिवस सकाळी उठलो, तर या बोटाचं टोक नव्हतं.”

“कुठं गेलं?”

“उंदरानं खाल्लं. मी झोपलो होतो. मला कळलं नाही.”

शिलासचं लक्ष नकळत मांजराकडे गेलं. इथल्या प्रत्येक खोलीच्या दाराशी एक तरी मांजर असतं. ते माणसांना लळा म्हणून पाळलेलं असावं, असं तो इतकी वर्षं समजत होता.

“तू जे दीनाला दे म्हणतोस,” बाबा म्हणाले, “ते देवानं मला केव्हाच दिलंय.”

शिलास खुर्चीतून उठला. त्याला राग आला होता. आपण कशाला आलो आणि हे म्हातारे काय सांगत बसलेत, असं त्याला झालं.

“म्हणजे प्रभू आपलं रक्षण करत नाही? हे सांगताय तुम्ही मला? तुम्ही?”

“करतो की.”

“मग?”

“कबरेतून उठला तेव्हा त्याच्या हातांना क्रुसाच्या खिळ्यांची भोकं होती का नव्हती?”

“होती.”

“मरण हटवलं त्यानं. ती दोन भोकं बुजवता आली नसती त्याला?”

दर वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी शिलास याच विषयावर भरल्या देवळात बोलायचा. त्याच्याजवळ मुद्दे होते, दाखले होते. आता त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना.

दवाखान्याची घंटा वाजली.

खोल्यांची दारं उघडली. माणसं बादल्या घेऊन आपापल्या ओट्यांवर आली आणि जोडीजोडीनं समोरासमोर बसली. एकानं पाय पुढे करायचे, दुसऱ्यानं ते पाण्यात धुऊन, उलटून, उजेडाकडे धरून बघायचे. मग उलट. रोज संध्याकाळी हे चालायचं. कुणाला ठेच लागलेली असते, कुणाला चटका, कुणाच्या टाचेत काच असते. ज्याचा पाय असतो त्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आपले पाय आपण बघायचे नाहीत, दुसऱ्यानं बघायचे, हा इथला नियम होता.

शिलास नाताळला यायचा तो सकाळी. हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“तुमचे कोण बघतं?”

“हुसेनभाई बघायचा. मागच्या महिन्यात गेला तो. शेजारचा पावलस बघतो म्हणाला होता, तर तोच अंथरुणाला खिळलाय.” बाबांनी चपला झटकल्या आणि पाय बादलीत सोडले. “मला दिसत नाही आता नीट. तू बघतोस?”

शिलास उभाच राहिला.

दर पवित्र गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचे धुतले होते तसे, तो मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचा. ते बारा जण घरून साबणानं पाय घासून येत. पितळी घंगाळ असे, नवा टॉवेल असे, आणि समोर कुणीतरी फोटो काढत असे. या बादलीला एका बाजूनं पोचा आला होता. पाण्याला वास येत होता.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “वेळ झाली असेल तुझी.”

ते कुत्सितपणे म्हणाले नाहीत. म्हणून शिलासला जास्त लागलं.

तो खाली बसला. ओट्यासमोरच्या मातीतच बसला. पॅन्ट मळेल हा विचार मनात आला आणि गेला. त्यानं बाबांचा उजवा पाय पाण्यातून काढून मांडीवर घेतला. पायाला बोटं नव्हती, नुसता आखूड, जड पंजा होता. शिलासनं तो धुतला, तळवा उजेडाकडे केला. टाचेला भेगा होत्या, पण जखम नव्हती.

मग डावा घेतला.

चवड्याच्या मध्यभागी एक काळा ठिपका होता. भोवतालची कातडी पांढरी पडून सुजली होती. शिलासनं अंगठ्यानं दाबलं तसा पू आला.

“बाबा, काटा आहे इथं. बाभळीचा असेल. चपलेच्या रबरातून आरपार गेलाय.”

“असेल. काढ.”

“खोल आहे.”

“काढ की.”

नखांनी तो धरता येईना. वास नाकात चढला. शिलासनं श्वास रोखून पुन्हा दाबलं, काट्याचं टोक पकडलं आणि ओढायला लागला. आणि ओढता ओढता, मान वर न करता, सवयीनं विचारून गेला,

“दुखतंय का रे?”

विचारलं आणि तो थांबला.

असं तो बाबांना कधीच म्हणाला नसता. हे तो अनुग्रहला म्हणायचा. अंगणात अनवाणी पळायचं आणि पायात काटा भरला की घर डोक्यावर घ्यायचं, असं ते पोर होतं. शिलास त्याचा पाय असाच मांडीवर घ्यायचा. दीना मागून त्याचे खांदे धरायची. काटा निघेपर्यंत तिघंही घामाघूम व्हायचे.

“नाही,” बाबा म्हणाले.

“जरा तरी?”

“काही नाही रे.”

काटा निघाला. चांगला लांब होता. मागून रक्त आणि पू ओघळून शिलासच्या हातावर आला. तो हात तसाच धरून बसला आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. ते रडणं आहे हे त्याचं त्यालाही आधी कळलं नाही. मग ते थांबेना. बाबांचा पाय छातीशी धरून, मातीत बसून तो मोठमोठ्यानं रडला. मंडळी बघत असती तर काय म्हणाली असती, हा विचार त्याला सुचलाही नाही.

आजूबाजूच्या ओट्यांवर कुणी मान वर केली नाही. जो तो समोरच्याचे पाय बघत होता.

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताखाली केस आहेत की आणखी काही, हे त्या हाताला कळत नव्हतं. त्यांनी तो तरीही ठेवला.

उजेड कमी होऊ लागला तेव्हा शिलास शांत झाला. जखम धुऊन त्यानं स्वतःच्या रुमालानं पाय बांधला.

“उद्या सिस्टरना दाखवा,” तो म्हणाला. “मी... मी निघतो, बाबा. दीना जायच्या आत घरी पोचतो. तिचं बघतो. तिची जखम मी कधी बघितलीच नाही.”

“तिची जखम तिला दिसते.”

बाबांनी रुमालाच्या गाठीवरून पंजा फिरवला.

“तिला दुखतंय. रोज डबा घासते म्हणजे रोज दुखतंय. तिचं काय बघणार तू?”

“मग मी काय करू?”

“घरी जा. तिच्यासमोर जमिनीवर बस. तुझे पाय पुढं कर.”

शिलासनं रिकाम्या झालेल्या ओट्यांकडे बघितलं. माणसं आत गेली होती आणि मांजरं दाराशी येऊन बसली होती.

“तिची बोटं सोडवली मी, बाबा... या हातांनी.” मग तो हळूच म्हणाला, “तिनं बघितलंच नाही तर? सकाळी भाऊ आला, आणि न बघताच उठून गेली तर?”

बाबांनी बांधलेला पाय चाचपडत चपलेत घातला.

“तरी पाय मागं घेऊ नकोस.”