सारवलेला ब्रेकर

आधीच सांगतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, मोठे मला येत नाहीत. टँकरची वाट बघत बसलो की आमच्या वस्तीवरची पोरं म्हणतात, गोष्ट सांग. काल त्यांना जी सांगितली, तीच लिहितो आहे.

माळावर एक गाव होतं. गावाला रस्ता होता, पण पाणी नव्हतं.

रस्ता नवा होता, काळाभोर आणि गुळगुळीत. त्यावरून खालच्या गावांना पाणी नेणारे टँकर दिवसभर धावायचे. या गावाची विहीर मात्र होळीच्या आधीच आटायची. गावाचा स्वतःचा टँकर कधी चार दिवसांनी यायचा, कधी आठ. तो आला की घरटी दोन-तीन घागरी मिळायच्या, आणि पुन्हा सगळे रस्त्याकडे बघत बसायचे.

गुळगुळीत रस्त्यावर गाड्या सुसाट जात. एकदा घागर घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका मुलीला गाडीनं उडवलं. गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाची ती नात. मुलगी वाचली, पण एक पाय कायमचा आखूड झाला. मग सगळं गाव तालुक्याला गेलं आणि दोन गोष्टी मागून आलं. आम्हाला पाणी द्या, आणि रस्त्यावर ब्रेकर घाला.

काही महिन्यांनी ब्रेकर आला. चांगला रुंद, वर चुन्यासारखे पांढरेशुभ्र पट्टे मारलेला. लांबच्या वळणावरून दिसायचा.

"पाणी मागितलं, ब्रेकर मिळाला," पारावरची माणसं म्हणाली. "आता बसा तोच पिळत."

हा ब्रेकर रस्त्याकडेच्या शेवटच्या घरासमोर होता. त्या घरात एक बाई एकटी राहायची. नवरा कधीच गेला होता. एकुलती एक लेक हौसा, ती कालव्याकाठच्या गावात दिली होती. तिथं बारा महिने पाणी. लेकीला तिथं दिली म्हणून बाई सुखी होती, आणि लेक तिथं गेली म्हणून तिचा दिवस सरत नव्हता.

दिवाळीला हौसा आली तेव्हा तिनं पहिल्यांदा तो ब्रेकर पाहिला. निघताना हसून म्हणाली, "आई, आता घर चुकायचं नाही बघ. पांढरे पट्टे दिसले की उतरायचं."

ती गेल्यावर बाईला एक नवीनच खोड लागली. ब्रेकरपाशी प्रत्येक गाडी हळू व्हायची. आतून वाटायचं, गाडी आपल्याच दारात थांबतेय. बाई हातातलं काम टाकून उठायची. गाडी पुढं निघून जायची, आणि बाई पुन्हा खाली बसायची.

उन्हाळा लागता लागता निरोप आला की हौसाला दिवस गेलेत, आता सातवा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, ही त्या भागातली रीत. बाई साडीचोळी घेऊन लेकीला आणायला गेली.

विहीणबाई काही वाईट नव्हती. तिनं चहा केला, ताटभर जेवू घातलं, आणि मग सरळ बोलली.

"नेऊ नका असं मी कशाला म्हणू? पण तुमच्याकडं प्यायला घागर मिळत नाही. बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालणार? बाळाची दुपटी कशात धुणार?"

बाईनं साडीचोळीची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तुमच्या अंगणातला रांजण भरला की कळवा," विहीणबाई म्हणाली. "मी स्वतः पाठवते तिला."

हौसा दाराआडून ऐकत होती. बाई निघाली तेव्हा ती म्हणाली, "आई, मला तुझ्याच हातची पेज प्यायचीय गं." एवढंच म्हणाली आणि आत गेली.

बाई घरी आली. अंगणातला रांजण तिच्या कमरेएवढा होता. तिनं आत वाकून पाहिलं. तळाला कोळ्याचं जाळं होतं.

त्याच दुपारी एक टँकर ब्रेकरवरून गेला. ड्रायव्हर फोनवर बोलत होता. त्याचं लक्ष उशिरा गेलं, त्यानं कचकन ब्रेक मारला, टाकीचं झाकण उडालं आणि भसकन पाणी सांडलं. पाणी उतारानं वाहत बाईच्या दारापर्यंत आलं. बाईनं धावत जाऊन घमेलं लावलं. अर्धी घागर भरली.

दुसऱ्या दिवशी तिनं रस्त्याकडेला चिखलाचा बांध घातला आणि खाली खड्डा खणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला. शेजारणी बघायला आल्या.

"हौसाच्या आई, ब्रेकर पिळायला लागलात की तुम्ही खरंच," एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

हसल्या, पण घागरी घेऊन त्याही बसल्या. पाणी गढूळ असायचं. लुगड्याच्या चार घड्यांतून गाळून वर तुरटी फिरवली की चालायचं. मग बायकांनीच ठरवलं की आधी हौसाच्या आईचा रांजण भरू दे. लेक काय तिची एकटीची आहे? गावाची लेक बाळंतपणाला यायचीय.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रांजण काही भरेना. टँकरवाले रोजचे होते. त्यांना वळणावरूनच पांढरे पट्टे दिसायचे. ते लांबूनच गाडी हळू करायचे आणि ब्रेकर अलगद ओलांडायचे. चार थेंब सांडायचे, त्यातले दोन डांबरच पिऊन टाकायचं.

"ते पट्टे नसते तर," कोणीतरी बोललं.

कोण बोललं ते पुढं कुणालाच आठवेना. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

सकाळी बाई अंगण सारवायला बसली. तिच्यासारखं सारवणं गावात कुणाचं नव्हतं. हात फिरला की कुठं सांधा दिसायचा नाही. अंगण झालं आणि बादलीत थोडं शेण उरलं. तिनं त्यात चुलीतली राख आणि कुटलेला कोळसा कालवला, रस्त्यावर गेली आणि ब्रेकर सारवला. वाळल्यावर ब्रेकर कुठला आणि डांबर कुठलं ते कळेना.

ती सारवत असतानाच मेंढपाळ म्हातारा मेंढरं घेऊन तिकडून चालला होता. तो थांबला.

"काय करतेस हे?"

"तात्या, लेकीसाठी करतेय."

"तो ब्रेकर पण लेकीसाठीच घातला होता. माझ्या लेकाच्या."

बाईचा हात क्षणभर थांबला. "टँकरवाल्यांना ठाऊक आहे हो ब्रेकर. रोजचीच माणसं आहेत. जरा आदळतील, एवढंच. रांजण भरू दे, मी स्वतः धुऊन काढते."

"रस्ता काय टँकरवाल्यांचाच आहे?" म्हातारा म्हणाला. त्यानं गावाकडं पाहिलं. बायका घागरी घेऊन येत होत्या. म्हातारा मेंढरं हाकत निघून गेला.

त्या दिवशी टँकर असा आदळला की खड्डा काठोकाठ भरला. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "पट्टे कुठं गेले इथले?"

"उन्हानं उडाले असतील, दादा," एक बाई म्हणाली. "आमचं तर तोंडचं पाणीपण उडालंय."

ड्रायव्हरलाही हसू आलं. तो गेला. पण टँकर बरेच होते आणि ड्रायव्हर बदलायचे. चाकांनी सारवण उडालं की बाई पुन्हा हात फिरवायची. रांजणातलं पाणी हळूहळू वर येऊ लागलं. रोज संध्याकाळी ती आत वाकून बघायची. एक दिवस तिला पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं, हात पोचेल इतकं जवळ.

तिनं निरोप धाडला. रांजण भरला, लेकीला पाठवा.

विहीणबाईनं शब्द पाळला. उद्या संध्याकाळपर्यंत जावई स्वतःच्या रिक्षानं तिला घेऊन येतील, असा उलटा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी बाईनं घर झाडलं, बाजेला नवी सुतळी ओढली, पेजेचे तांदूळ निवडून ठेवले. अंगण सारवलं, उंबऱ्यापाशी रांगोळी काढली. बादलीत थोडं उरलं होतं. हाताला सवय झालेली. तिनं ते नेऊन ब्रेकरवर फिरवलं. आणखी एक घागर मिळाली तर बाळाच्या दुपट्यांना होईल.

म्हातारा पुन्हा दिसला. "आज तरी राहू दे. आज तुझीच यायचीय."

"तिला घर ठाऊक आहे, तात्या," बाई म्हणाली आणि हात धुवायला वळली.

दिवस कलला. बाई उंबऱ्यात बसली. वळणावर रिक्षाचा आवाज आला. बाई उठली.

रिक्षात हौसा नवऱ्याला सांगत होती, "पांढरे पट्टे दिसले की हळू करा हं. तिथंच आमचं घर."

नव्या रस्त्यानं पहिल्यांदाच येणारा जावई समोर बघत होता. रस्ता काळाभोर, गुळगुळीत. पट्टे काही दिसेनात. घर अजून लांब असेल म्हणून त्यानं रिक्षा तशीच सोडली.

रिक्षा हळू होत नाही हे बाईला दिसलं, आणि का होत नाही ते त्याच क्षणी कळलं. ती हात हलवत रस्त्याकडं धावली. हौसाला आई दिसली. आई आनंदानं पळत येतेय असं तिला वाटलं आणि तिनंही हात हलवला.

रिक्षा उडाली आणि खड्ड्याच्या बाजूला आडवी झाली.

सगळं गाव धावलं. जावयाचा हात मोडला होता. हौसा शुद्धीवर होती, पण पोटाला धरून कण्हत होती. गावात दुसरी गाडी नव्हती. तेवढ्यात मागून टँकर आला. ड्रायव्हरनं एकदा हौसाकडं बघितलं आणि म्हणाला, "घ्या वर. केबिनमध्ये ठेवा."

"भरलेला आहे ना?" कुणीतरी विचारलं. "तालुक्याचा घाट कधी चढणार तुम्ही?"

ड्रायव्हर मागं गेला आणि त्यानं टाकीचा कॉक सोडून दिला.

पाणी धो धो पडलं. रस्त्यावरून वाहिलं, चिखलाचा बांध फोडून गेलं, खड्डा भरून खाली गेलं, बायकांच्या पायांवरून गेलं. कडेला घागरी रांगेत ठेवलेल्या होत्या. एकीनंही घागर लावली नाही.

केबिनमध्ये बाईनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. रिकामा टँकर घाट भरभर चढू लागला.

"आई," हौसा म्हणाली, "पट्टे कुठं गेले गं?"

बाईच्या हाताला अजून शेणाचा वास येत होता.

बाळ तालुक्याच्या दवाखान्यात वेळेआधीच जन्मलं. ओंजळीएवढं होतं. काचेच्या पेटीत ठेवलं. बरेच दिवस ते राहील की जाईल हे कुणी सांगेना. शेवटी ते राहिलं. विहीणबाई दोघांना न्यायला आली तेव्हा बाईनं तिला बाजूला घेतलं.

"पट्टे मी सारवले होते," ती म्हणाली. "रांजण भरायला."

"रांजण भरा, असं मीच म्हणाले होते," विहीणबाई म्हणाली. मग नातवाचं टोपरं नीट करत म्हणाली, "आता रस्ता बरा झाला म्हणजे बघू पाठवायचं."

गाडी कालव्याकडं गेली. बाई चालत स्टँडवर आली आणि मिळेल त्या गाडीनं घरी परतली.

रांजण अंगणात तसाच भरलेला होता. बाईनं तांब्या बुडवला, घागर भरली, ती ब्रेकरवर ओतली आणि खराट्यानं घासू लागली. दुसरी घागर ओतली. तिसरी ओतली. बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या. मग एक आली आणि तिनं खराटा घेतला. दुसरीनं खड्ड्यात माती लोटली. रांजणाचा तळ लागला तेव्हा पट्टे दिसायला लागले होते, पण पुसट. म्हाताऱ्या मेंढपाळानं घरून चुना आणला. तो बाईच्या शेजारी बसला आणि एक पट्टा त्यानं मारला, एक तिनं.

गाव पुन्हा तालुक्याला गेलं, पाणी मागायला. अजून जातं.

बाई आता आठवड्याला अंगण सारवते आणि ब्रेकरला चुना देते. मग उंबऱ्यात बसते. वळणावरून येणारी प्रत्येक गाडी पट्टे बघून तिच्या दारापाशी हळू होते. प्रत्येक वेळी बाई उठून उभी राहते.

तात्पर्य: वाटेवरची खूण आपल्या गरजेसाठी पुसू नये. त्याच खुणेवर भरवसा ठेवून आपलंच माणूस घरी येत असतं.

गोष्ट संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मग ती हौसा आली का पुन्हा?" तेवढ्यात टँकर आला आणि सगळी घागरींकडं पळाली.

आज सकाळी उजाडल्यावर मी घरातला उरलेला चुना डब्यात कालवला. आई म्हणाली, "एवढ्या सकाळी कुठं निघालास?" म्हटलं, येतो. आमच्या वस्तीच्या फाट्यावर एक ब्रेकर आहे. त्याचे पट्टे कधीचे उडालेत. मी वाकून एकेक पट्टा मारला. शेवटचा ओलाच होता तेव्हा दुधाची गाडी वळणावर दिसली. ती लांबूनच हळू झाली. मी डबा उचलून कडेला झालो आणि ती जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.