बारशाचं गोडं पाणी

समुद्राला खेटून असलेल्या एका गावात राजबा नावाचा एक भोळा बाप होता. इतका भोळा, की "दाराकडे बघा हो" म्हणून बायको बाहेर गेली, तर ती येईपर्यंत पापणी न लववता दाराकडे बघत बसायचा.

त्याच्या लेकीचं बारसं होतं. विहिरीचं पाणी मचूळ. पाहुण्यांना पाजायचं काय, या घोराने त्याच्या बायकोचा, सुगंधाचा, जीव टांगणीला लागलेला. गावात गोडं पाणी एकच, किनाऱ्यावरच्या उन्हाच्या यंत्राचं. उन्हाने समुद्राचं पाणी तापायचं, वाफ बारीक पडद्यातून पलीकडे जायची, तिचं पाणी टाकीत पडायचं. मीठ अलीकडेच.

"हंडा भरून आणा," सुगंधा म्हणाली. "नयनाताई सांगतील तसंच करा."

नयनाताई यंत्र सांभाळायच्या. राजबा यंत्रासमोर येऊन उभा राहताच त्या म्हणाल्या, "दुपारी ये, राजबा. आणि बाजूला हो, इथे सावली नको!"

राजबा घरी आला आणि त्याने अंगणातला मांडव सोडला.

"अहो, हे काय?"

"ताई म्हणाल्या, सावली नको."

"ती यंत्रावर नको! उन्हातल्याच्या डोक्यावर कापड धरावं, एवढंही कळत नाही?"

"बरं."

राजबा परत गेला. यंत्र बिचारं उन्हातच उभं. त्याने मांडवाचं कापड त्याच्यावर पांघरलं. थेंब थांबले.

"काढ ते आधी!" नयनाताई ओरडल्या. "मीठ मागे ठेवायचं, पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी ऊन लागतं रे!"

"बरं."

घरी घुगऱ्या शिजत होत्या. "मीठ टाका हो," बाळाला पाजता पाजता सुगंधा म्हणाली. राजबाने मिठाची बरणी उचलली आणि परसात नेऊन लपवली.

सुगंधाने दाणा तोंडात टाकला. "अळणी!"

"मीठ पुढे जाऊ दिलं नाही मी."

"अळणी वाढून नाक कापाल माझं! आधी चाखायचं. अळणी लागलं की मीठ घालायचं. हात आखडायचा नाही!"

"बरं."

दुपारी पाहुणे जमले. राजबा हंडा घेऊन आला. सुगंधाच्या जिवात जीव आला. बाळाच्या आत्याने पहिला घोट घेतला आणि थेट अंगणात पिचकारी मारली.

"मेल्या राजबा, हा तर अख्खा समुद्र!"

"चाखलं मी, आक्का. पार अळणी होतं. यंत्रातून निघालेल्या खाऱ्या पाण्याची बादली शेजारीच होती. ताई जेवायला गेलेल्या. ओतली."

सुगंधाने पदर खोचला. "जाऊ दे. टाकीतून दुसरा हंडा मीच आणते."

"कशाला दमतेस?" राजबा हसून म्हणाला. "पाहुण्यांना चवीचं आणि गावाला अळणी, बरं दिसतं का? मी टाकीतच ओतली."