तेरा साते, सत्य, एक्क्याण्णव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की तेव्हा तांबडमाळच्या शाळेला तीनच भिंती होत्या आणि चौथ्या बाजूने शेळ्या यायच्या. त्या शाळेत नरहर मास्तर शिकवायला आले. कुठून आले ते आता कुणाला सांगता येत नाही. कोणी म्हणतं कोकणातून, कोणी म्हणतं पार खानदेशातून. त्यांचं आडनावही गाव विसरलं. त्यांची शिंक मात्र अजून कुणी विसरलेलं नाही.

मास्तर एकटे होते. एक ट्रंक, एक कंदील आणि तपकिरीची पितळी डबी, एवढाच त्यांचा संसार. बोलायला मोठे करडे, पण मुलावर हात कधी उगारायचे नाहीत. फार चिडले तर 'अरे शहाण्या' म्हणायचे, आणि तेवढ्यानेच पोर दिवसभर तोंड पाडून बसायचं. तपकिरीवाचून मात्र त्यांचं पान हलत नसे.

रोज संध्याकाळी शाळा सुटण्याआधी पाढे होत. मुलं एका सुरात म्हणत आणि मास्तर डोळे मिटून ऐकत. तेराचा पाढा लागला की त्यांचा हात आपोआप खिशाकडे वळे. तेरा एके तेराला डबी बाहेर येई, तेरा त्रिकला झाकण उघडे, तेरा पंचेला चिमूट नाकाशी जाई, तेरा सकला मान मागे कलंडे आणि तेरा साते म्हणता म्हणता मास्तर शिंकत. बाराला कधी शिंक आली नाही, चौदाला कधी आली नाही. तेरा सात्यालाच का, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं.

आणि शिंक तरी कशी? देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडायची ती थेट शेजारच्या गावात जाऊन बसायची, असं म्हणतात. रानातल्या बाया ती ऐकून खुरपी खाली ठेवायच्या. म्हणायच्या, "चला गं, मास्तर शिंकलं, चुली पेटवायच्यात." एकदा त्या शिंकेने ओढ्याचं पाणी उलटं फिरलं, असंही म्हणतात. पण ते सांगणारा हैबती गाडीवान होता, आणि हैबतीचं निम्मंच खरं धरायची गावात पद्धत होती.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बोलता बोलता कुणी शिंकलं की बोललेलं खरं ठरतं, आणि ऐकणारे लगेच म्हणतात, "सत्य!" मुलांनी घरी हेच ऐकलेलं. त्यामुळे मास्तर शिंकले की सगळा वर्ग ओरडे, "सत्य!" आणि मग पुढे म्हणे, "एक्क्याण्णव!" मास्तर कावायचे. "अरे शहाण्यांनो, शिंकेत काही नसतं. नाकात कण गेला की शिंक येते, बाकी सगळं थोतांड." मुलं गंभीरपणे माना डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "सत्य!" म्हणायची. अशी वर्षं गेली. पहिल्या मुलांची मुलं शाळेत आली. त्या बिचाऱ्यांना वाटे, पाढा असाच असतो. तेरा साते, मग शिंक, मग सत्य, मग एक्क्याण्णव.

अशात एके वर्षी नवे दिपोटी आले. दिपोटी म्हणजे तालुक्याहून शाळा तपासायला येणारे साहेब. हे नवे साहेब भलतेच कडक होते. त्यांना हसताना त्यांच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. मास्तर आदल्या दिवसापासून अस्वस्थ. साहेबांसमोर तपकीर ओढणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी डबी घरीच ट्रंकेत ठेवली आणि तिथेच सगळा घोळ झाला.

साहेबांनी कविता म्हणून घेतली, नकाशा दाखवायला लावला, शुद्धलेखन घातलं. सगळं चोख. साहेब खूश होऊन उठले आणि उठता उठता म्हणाले, "एक पाढा होऊन जाऊ द्या. तेराचा म्हणा."

मास्तरांचा हात रिकाम्या खिशाकडे गेला. मुलांनी मात्र झोकात सुरुवात केली. तेरा पंचे पासष्ट झालं, तेरा सक अठ्ठ्याहत्तर झालं, तेरा साते म्हणून झालं आणि सगळा वर्ग थांबला. सगळ्यांचे डोळे मास्तरांच्या नाकाकडे लागले.

"पुढे?" साहेब म्हणाले. "अरे, तेरा साते किती?"

मास्तरांनी शिंकायचा जिवापाड प्रयत्न केला. उपरण्याचं टोक नाकात फिरवलं, उन्हाकडे टक लावून पाहिलं. काही केल्या शिंक येईना. शेवटी पहिल्या ओळीतली गोजरा उभी राहिली. ती वर्गातली सगळ्यात धीट पोरगी. पण त्या दिवशी तिला पडसं झालं होतं आणि नाक गच्च चोंदलं होतं. तिला म्हणायचं होतं, गुरुजी अजून शिंकलेच नाहीत. पण चोंदलेल्या नाकातून अनुस्वार बाहेर येतो होय? तो नाकातच अडकला, आणि साहेबांना ऐकू आलं ते असं: "सायेब, गुर्जी अजून शिकलंच न्हाईत!"

साहेबांच्या भुवया टोपीला भिडल्या. "काय? मास्तर शिकलेले नाहीत?"

साहेबांनाही पडसं झालंय असं मुलांना वाटलं. सगळी एकदम ओरडली, "न्हाईत!"

खुलासा करायचा तर तपकिरीपासून सगळं सांगावं लागणार. मास्तर नुसतं उपरणं सावरत राहिले. साहेब तरातरा निघून गेले आणि पाठोपाठ हुकूम आला. नरहर मास्तरांची बदली झाली होती, घाटापलीकडच्या एका गावी.

"बरंच झालं," मास्तर सगळ्यांना सांगू लागले. "हवापालट होईल." पण शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात बसून राहत आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत. त्यांना जायचं नव्हतं. या गावाखेरीज त्यांना जगात कुणी नव्हतं, आणि हे गावाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. तिकडे गोजरा आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होती. "माज्या नाकानं गुर्जींना घालवलं," एवढंच ती म्हणे.

जायचा दिवस उजाडला. हैबतीची गाडी शाळेपुढे उभी राहिली, ट्रंक आणि कंदील आत गेले. सगळं गाव जमलं. मास्तरांनी गाडीत पाय ठेवला, आणि गोजराला शिंक आली. मुद्दाम नाही हो, पडसं अजून होतंच की तिला.

निघताना कुणी शिंकलं तर जाणाऱ्याने जाऊ नये, घोटभर पाणी पिऊन थोडं बसावं, ही आपली दुसरी रीत. पण शिंकेला जन्मभर थोतांड म्हणणारे मास्तर ती पाळतील कशाला? सगळे बघत राहिले. मास्तरांनी पाय खाली घेतला आणि ते मुकाट्याने शाळेच्या पायरीवर जाऊन बसले.

"मास्तर, शिंकंत काय नसतं म्हनत हुता न्हवं?" हैबतीने विचारलं.

"नसतंच मुळी," मास्तर म्हणाले. "पण पाणी प्यायला काय हरकत आहे?"

तेवढ्याने गावाला कळायचं ते कळलं. बायकांना अंमळ आधी कळलं. तांबडमाळ हे मिरचीचं गाव, प्रत्येक अंगणात लाल मिरची वाळत पडलेली. ठकूबाई पाटलीण कमरेला पदर खोचून म्हणाली, "बायांनो, औंदाचं तिखट आजच कुटायला काढा. आन् हितं रस्त्यावरच काढा!"

बघता बघता शाळेपासून वेशीपर्यंत उखळं मांडली गेली. मग काय विचारता! मास्तर उठले की म्हातारे शिंकत, पोरं शिंकत, पाटील फेट्याच्या शेमल्यात तोंड घालून शिंकत. हैबतीचे बैलसुद्धा शिंकले, असं म्हणतात. मास्तर पुन्हा बसत आणि पुन्हा पाणी पीत. असं किती दिवस चाललं ते ज्याचं त्याला ठाऊक, पण मास्तरांच्या पाणी पिण्याने आडाचं पाणी खाली गेलं, असं म्हणतात. आणि नुसतं बसून काय करायचं, म्हणून पायरीवर बसल्या बसल्या मास्तर तपकिरीची डबी हातात घेऊन मुलांना शिकवू लागले. म्हणजे मास्तर निघालेले होते आणि शाळा भरत होती.

मास्तर घाटापलीकडे पोचलेच नाहीत हे कळल्यावर दिपोटी साहेब स्वतः आले. टांग्यातून उतरले तेच लालबुंद होऊन. "हा काय पोरखेळ मांडलाय? म्हणजे हे मास्तर काय जन्मभर इथेच राहणार?"

एवढं बोलले आणि साहेबांचं नाक थरथरलं. त्यांनी ओठ दाबले, डोळे वटारले, काही उपयोग झाला नाही. असे शिंकले, असे शिंकले, की त्यांची टोपी उडून उखळात पडली.

सगळं गाव एका आवाजात म्हणालं, "सत्य!"

आणि सवयीने मुलं म्हणाली, "एक्क्याण्णव!"

साहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी मुलांकडे पाहिलं, मास्तरांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं आणि मग गोजराकडे. "शिंकले!" ते हळूच म्हणाले. "अगं पोरी, तू शिंकले म्हणत होतीस!" आणि साहेब हसले. नाक पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी बदलीच्या हुकुमालाच नाक पुसलं, असं हैबती सांगे. आता त्यातलं निम्मं तुम्ही ठरवा.

मास्तर कुठेच गेले नाहीत. गोजराच्या मुलांनाही त्यांनीच पाढे शिकवले. पुढे खूप म्हातारे होऊन ते वारले, तेव्हा अख्खं गाव त्यांना पोचवायला निघालं. शिंकून त्यांना थांबवावं असं प्रत्येकाच्या मनात होतं. पण रडताना शिंक येत नाही, असं गोजरा जन्मभर सांगत राहिली.

आता शाळेला चारी भिंती आहेत, शेळ्या येत नाहीत. पण तेराचा पाढा म्हणताना तांबडमाळची मुलं तेरा सात्याला अजून थांबतात. मास्तरांच्या शिंकेपुरती जागा सोडतात, मग सत्य म्हणतात आणि मगच एक्क्याण्णव. आणि निघताना कुणी शिंकलं तर त्या गावात अपशकुन मानत नाहीत. लेक सासरी निघो की लेक फौजेत निघो, मागून कुणीतरी खोटं का होईना, शिंकतंच. मग जाणारा पायरीवर बसतो, घोटभर पाणी पितो. तू आम्हाला हवा आहेस, एवढाच त्या शिंकेचा अर्थ.

म्हणून तिथल्या मास्तरांची बदली झाली की ते सामान बांधतात, सगळ्यांचा निरोप घेतात आणि पायरीवर उगाच घुटमळतात. आपल्यासाठी कुणी शिंकतंय का, ते ऐकत असतात. तांबडमाळहून पाणी न पिता अजून एकही मास्तर गेलेला नाही, असं म्हणतात.